बर्फावरचा तास

मला गणितात गती नव्हती,
गतीच्या गणितात तर मुळीच नव्हती.
त्या फेब्रुवारीत शाळेचा बॉयलर फुटला.
बाहेर उणे एकतीस, वर्गात आम्ही नऊ जण.
टोवेल बाईंनी मग तास हलवला
धान्याच्या कोठारामागच्या कर्लिंग शेडमध्ये.
तिथे बर्फच होता, पण निदान वारा नव्हता.

बर्फ राखायचा ओरेस्ट पिलिपचुक.
पाठीवर तांब्याची टाकी, हातात झारी,
उलट्या पावलांनी पाणी शिंपडत जायचा.
थेंब पडे तिथे गोठे;
हात फिरवला तर बर्फाच्या अंगावर काटा.
"अगदी गुळगुळीत केला तर दगड चिकटतो," म्हणाला,
"सरकायला थोडं खडबडीत लागतं."

बाईंनी विचारलं: हात सुटल्यावर
दगडाला पुढे कोण नेतं?
डेल म्हणाला, हाताचा जोर आत उरतो.
मी म्हणाले, उरतो आणि संपत जातो,
बरणीतल्या जॅमसारखा.
बाई गप्प.
ओरेस्टने झारी खाली ठेवली.
"कुणीच नेत नाही," म्हणाला.
"तो थांबतो का, ते विचारा."

दोन रेषांमधलं अंतर बावीस मीटर.
इरिनाच्या घड्याळात पंधरा सेकंद.
भागाकार मी केला, पहिल्याच खेपेला बरोबर:
सेकंदाला दीड मीटर, किंचित कमी.
"छान. पण दगड या वेगाने चालला कधी?"
आम्ही कागदाकडे पाहिलं, मग दगडाकडे.
निघाला तेव्हा याहून घाईत,
पोचला तेव्हा याहून सावकाश.
मधे कुठेतरी एकच क्षण
तो आमच्या उत्तराच्या शेजारून गेला
आणि ओळख न देता पुढे सरकला.

मग घासणं.
दगडाला शिवायचं नाही, ढकलायचं नाही,
फक्त त्याच्या पुढ्यातला बर्फ
ब्रशने घासत पळायचं, वाकून, दम लागेतो.
म्हणजे त्याला जे अडवतं
ते जरा कमी अडवेल.
"दोन मीटर, फार तर तीन," बाई म्हणाल्या,
"याहून जास्त कुणाच्या हातात नसतं."

आणि जसजसा मंदावतो तसतसा तो वळतो.
का वळतो?
"यावर अजून भांडणं चालू आहेत," असं म्हणताना
बाईंचा चेहरा केवढा उजळला होता.
उत्तर माहीत नसल्याचा असा आनंद
मी आधी कुणाच्या तोंडावर पाहिला नव्हता.

शेवटचा दगड माझा.
गुडघा टेकला, मूठ सोडली,
डेल आणि इरिना पुढे घासत निघाले.
तेवढ्यात पत्रे थडथडायला लागले:
गव्हाची मालगाडी, शंभरावर डबे.
आमच्या गावात ती आता थांबत नव्हती.
डेलने मान वळवली. ब्रश हवेतच राहिला.
"बाई, त्या डब्यात बसून पाहिलं तर
आपण चाललोय ना? हे शेड, कोठार, शाळा,
सगळं मागे मागे?"
"अगदी बरोबर," बाई म्हणाल्या,
आणि बराच वेळ त्यापुढे काही बोलल्या नाहीत.
जूनमध्ये शाळा बंद होणार
हे त्यांना कळलं होतं, आम्हाला नव्हतं.

दगड वर्तुळाच्या अलीकडे थांबला.
ओरेस्टने वाकून अंतर मोजलं: वीतभर.
डेल म्हणाला, माझी चूक.
ओरेस्ट म्हणाला, गाडी लांब होती.

आज मी स्कूल बस चालवते,
तीन गावांची मुलं चौथ्या गावात.
सकाळी चौसष्ट किलोमीटर, संध्याकाळी चौसष्ट,
रात्री बस पुन्हा माझ्याच अंगणात.
विस्थापन शून्य. बाईंनी पूर्ण गुण दिले असते.
पण हिवाळ्यात त्या वळणावर
एक्सिलरेटरवरून पाय काढते आणि बस
आपल्याआप चालत राहते थोडा वेळ,
तेव्हा मी विचारत नाही तिला कोण नेतं.
पुढच्या रस्त्यावरचा बर्फ
पहाटे कुणीतरी खरवडून गेलेलं असतं.